पेटीचं वजन

१९९४च्या ऑक्टोबरात मी बहरीनमधल्या मुहर्रकच्या विमानतळाजवळ एका कार्गो शेडमध्ये वजनकाट्यांचा टेक्निशियन होतो. परभणीला आयटीआय करून आलो होतो आणि माझा काटा चुकत नाही याची मला खात्री होती. आजही आहे.

त्या दुपारी आफ्रिकेतून एक लाकडी पेटी आली. कागदावर होतं : पाळीव माकड, एक, पेटीसकट वजन बारा किलो. फटीतून पाहिलं तर आत चिंपांझीचं पिल्लू. केसांना घाण चिकटलेली. त्याने हात समोर धरले होते, कुणाच्या तरी कमरेला घट्ट मिठी मारावी तसे.

काट्याने पन्नास किलो दाखवलं.

सुपरवायझर जयप्रकाशसर म्हणाले, काटा बिघडलाय. मी तपासणीची वजनं ठेवून दाखवली. वीसला वीस, पन्नासला पन्नास. पेटी पुन्हा ठेवली. पन्नासच.

पेटी न्यायला आलेला ड्रायव्हर घाई करत होता. मालकाच्या मुलीला वाढदिवसाला भेट द्यायची होती म्हणे.

"अश्वजित, बारा लिही आणि खलास कर," सर हळूच म्हणाले.

"काटा दाखवतो तेच लिहिणार, सर."

वजन जुळेना, म्हणून पेटी अडली. जनावरांच्या डॉक्टर जुबैदा आल्या. त्यांनी पिल्लू सहज एका हाताने उचललं. रिकामी पेटी आठ किलो भरली. म्हणजे पिल्लू बेचाळीस किलोचं. "चार किलोचंसुद्धा नाही हे," त्या हिंदीत म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं, आई जिवंत असेपर्यंत असं पिल्लू तिला सोडत नाही. आधी तिला मारावं लागतं.

मी विचारलं, मोठ्या मादीचं वजन किती असतं?

"चाळीसच्या आतबाहेर."

मी पन्नासचा आकडा लिहिला, सही केली. डॉक्टरांनी पिल्लू ताब्यात घेतलं. महिन्याभराने ते आफ्रिकेतल्या अशाच पिल्लांच्या आश्रमात परत गेलं.

पण पेटी आली त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगायची राहिली. आईवर झाडलेल्या बंदुकीचे, त्याच्या खांद्यात रुतलेले छर्रे काढायला डॉक्टर औजारं घेऊन आल्या. रात्री त्याला शेडमागच्या खोलीत पिंजऱ्यात ठेवलं होतं; तिचं कुलूप मी उघडलं.

पिल्लू पिंजऱ्यात शांत झोपलं होतं.

केस स्वच्छ. एकेक करून निवडल्यासारखे.

खांद्यात काही नव्हतं.

छर्रे पिंजऱ्याबाहेर, उंच खिडकीच्या कठड्यावर होते. तीन. अजून ओले.