एका तांब्यात अंघोळ

कपाटाचं कुलूप शाबूत होतं. भाड्यानं आणलेला व्हिडिओ प्लेअरही जागेवर होता. नव्हती ती फक्त कॅसेट, आणि उद्याच ढोकीच्या बाजारात ती दाखवायची होती.

मुक्ताबाई रडणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांच्या साबण सोसायटीत बावीस बायका होत्या. साबण खपला नाही, तर साऱ्याजणींना पुन्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला जावं लागणार होतं.

कॅसेटमधली साबणाची जाहिरात झकास होती. ट्रॅक्टरवाला बाबू पाठमोरा, अंगावर फेसाशिवाय चिंधी नाही, आणि एका तांब्यात लख्ख. शेवटी शेळी त्याचं धोतर पळवते नि तो तांबा आडवा धरून तिच्यामागं धावतो. टीव्हीवाल्यांनी ‘अश्लील’ म्हणून कॅसेट परत धाडली होती. मूळ टेपवर शूटिंगवाल्यानं कुणाचं तरी लग्न उतरवलं होतं, त्यामुळं दुसरी प्रत नव्हती.

कपाट दूध सोसायटीचं. चाव्या तिघांकडं होत्या: मुक्ताबाई, सोसायटीचं दूध वाहणारा बाबू आणि चेअरमन आण्णासाहेब.

“सोयरीक मोडंल म्हणून तूच न्हेलीस का रं?” मुक्ताबाईंनी बाबूला विचारलं.

“मोडायची असती तर परवाच मोडली असती. पोरीनं बघितली, लई हसली, आन् व्हय म्हणाली.”

आण्णासाहेबांनी उलट धीर दिला. पुन्हा शूटिंग करा, खर्च माझा, म्हणाले. बाबू उघडाच असू दे, फक्त मागच्यासारखा माझ्या मळ्याचा बांध नको, तेरला नदीकाठी घ्या.

मुक्ताबाई तिथून उठल्या त्या थेट बांधावर गेल्या. कॅमेऱ्याच्या जागी उभं राहून त्यांनी समोर बघितलं, आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

संध्याकाळी साऱ्या बायकांना घेऊन त्या चेअरमनच्या खुर्चीसमोर आल्या.

“कॅसेट तुम्ही न्हेली, आण्णासाहेब.”

“मी? मी तर पोट धरून हसलो.”

“म्हणूनच म्हणते. नागडेपणाची लाज असती, तर बाबूला कापडं घाला म्हणाला असता. तुम्ही जागा बदला म्हणाला. शूटिंगला आमी पाठ फिरवून उभ्या हुतो, बाबूच्या डोळ्यात फेस हुता. पडद्यावर समद्यांची नजर बाबूवर. मागं कुणी बघितलंच न्हाय. मागं तुमची डाळिंबं हायेत. साऱ्या रानात तेवढीच हिरवी. खाली टँकरच्या चाकाच्या वल्या चाकोऱ्या. गावाचा टँकर तुमच्या बागंत रिकामा हुतोय, आन् त्ये कॅसेटमधी आलंय.”

आण्णासाहेब शांतपणे म्हणाले, “आलं हुतं. जाळली म्या. आता काय दाखवता?”

“कॅसेट जळली. बांध न्हाय जळला.”

दुसऱ्या दिवशी हलगी लावून त्यांनी अख्खा बाजार बांधावर आणला. बाबू डाळिंबांकडं तोंड करून उभा राहिला, फेसात न्हाला, लोक हसून लोळले. मग एकेकाचं लक्ष झाडांकडं गेलं आणि हसू विरलं. तेवढ्यात रोजच्या वेळेला टँकर आला. मुक्ताबाई साबणाची पाटी डोक्यावर तशीच ठेवून चाकासमोर उभ्या राहिल्या.

“हितं न्हाय,” त्या म्हणाल्या. “गावात घे.”

ड्रायव्हरनं मळ्यात उभ्या असलेल्या आण्णासाहेबांकडं बघितलं, मग गर्दीकडं, आणि गाडी वळवली.