कानबुरशीचा खण

दुपारचे तीन. विद्यापीठाच्या वनस्पतिसंग्रहाची खोली, तळमजला. दाराला सील. बाहेर बातमीसाठी आलेला मी, कुलसचिव आणि संग्रह सांभाळणाऱ्या बाईंचा धाकटा भाऊ.

कीड मारायला या खोलीत विषारी धूर सोडला, तेव्हा बाई आतच होत्या. दार उघडलं तेव्हा फार उशीर झाला होता. नियम साधा : कुलूप लावण्याआधी हाक मारायची, आतून ओ आली नाही तरच दार बंद. चौकशी समितीने चहा ढोसत निकाल दिला : हाक मारली होती, ओ आली नाही, चूक बाईंचीच. मेलेल्या माणसावर ढकललं की सगळे मोकळे! बहिणीच्या माथी मारलेली ती चूक पुसावी, एवढंच भावाचं मागणं होतं.

“अहो, अशी मारली होती हाक,” कुलसचिवांनी वैतागून दारावर थाप मारली. “आत कोणी आहे का?”

डांबरगोळ्यांचा वास. शांतता. आणि मग ओल्या कापडाआडून यावी तशी...

“ओ...”

“ताई?” भाऊ दाराला चिकटला.

“पाइप असेल,” कुलसचिव पुटपुटले.

“पाइप ओ देतो होय?” मी म्हणालो. “काढा किल्ली.”

सील मी स्वतः तपासलं. शाबूत होतं. आत कोणी नव्हतं. खिडक्यांना चिकटपट्ट्या, नळ कोरडा, धुळीवर पाऊल नाही. फक्त कानबुरशीचा खण उघडा होता.

ही बुरशी ओंडक्यावर उगवते, हुबेहूब माणसाच्या कानासारखी, लिबलिबीत. वाळली की टरफल होते. पाणी मिळालं की वर्षांनंतरही फुगते. बाई ड्रॉपरने थेंब घालून मुलांना दाखवायच्या, म्हणायच्या, “हळू बोला रे, ऐकतेय ती.”

खणातले सगळे कान फुगले होते. तपकिरी, ओले... आणि दाराकडे वळलेले.

“साहेब,” भाऊ कुलसचिवांकडे वळला, “आता तरी आली ना ऐकू?”

“मी काहीही ऐकलेलं नाही. लिहून घ्या.”

घेतलं. छापलंही. विद्यापीठाचा खुलासा आला : भिंतीला ओल होती. शेजारच्या खणातले कागद मग कडकडीत कसे?

बाईंचा ड्रॉपर खणाच्या कडेला होता, अर्धा भरलेला. त्यात पाणी कोणी भरलं, ते विद्यापीठाने अजून सांगितलेलं नाही.