स्पंदकडं

संशोधन नौकेच्या पडद्यावर ठिपके वाढत चालले, तशी डॉ. शलाका मेथरच्या कपाळावर आठी चढली. प्रत्येक ठिपका म्हणजे एक शार्क, आणि सगळे निघाले होते प्रवाळांकडे. तिथे सुट्टीवर आलेल्या पर्यटकांत तिची पंधरा वर्षांची मनवा तोंडात श्वास घ्यायची नळी धरून पोहत होती.

तशी काळजी कशाला? प्रत्येकाच्या पायात स्पंदकडं होतं, आणि ते शलाकानंच शोधलेलं. दोन हंगाम कुणाला ओरखडाही उठला नव्हता.

"कडं नेमकं करतं काय?" शेजारी बसलेल्या प्राणिवर्तनतज्ज्ञ डॉ. लेल्यांनी विचारलं.

"शार्कच्या तोंडाला बारीक रंध्रं असतात. माशाच्या शरीरातली वीजही त्यांतून त्याला जाणवते. कडं पाण्यात गेलं की विजेचे विचित्र स्पंद सोडतं. अनोळखी वाटतं, म्हणून तो लांब राहतो."

"दुखत नाही त्याला?"

"छे! नुसतं अनोळखी."

"आणि ओळख झाली तर?"

शलाका उठून वर धावली. डेकवर नौका हाकणारा बाबल तांडेल रिकामी टोपली झटकत होता.

"बाबलकाका, काय टाकलंत पाण्यात?"

"घास गो! माणूस पाण्यात उतारलो काय दर्याक घास देवचो. नायतर दर्यो माणूसच मागता. आज मासो कमीच गावलो, म्हणान थोडोच टाकलंय."

"रोज टाकता?"

"मगे! सगळेच तांडेल टाकतत."

शार्कनी काय हेरलं ते शलाकाच्या ध्यानात आलं. स्पंद आले की मासा येतो. दोन हंगाम, रोजच्या रोज. मागून आलेले लेले हळूच म्हणाले, "शलाका, तुझं कडं त्यांना पंगतीचं आवतण देतंय. आणि आज पानात पोटभर काही नाही."

कडी पाण्यात चावीशिवाय निघत नसत. कुणी आगाऊपणा करू नये म्हणून शलाकानंच तशी बनवली होती. तिनं चावी घेतली, जाळीची पिशवी घेतली.

"अगो, कडां तरी घाल!" बाबल ओरडला.

"तेच तर नको!" म्हणत तिनं उडी मारली.

प्रवाळांपाशी सगळे घाबरून हातपाय आपटत होते. "खळबळ करू नका! पाठ प्रवाळाला, तोंड शार्ककडे, एकमेकांना धरून राहा!" ती ओरडली आणि मनवाच्या पायाशी गेली. पोरीनं पाय आखडून घेतला.

"आई, तूच म्हणाली होतीस, काही झालं तरी काढायचं नाही!"

"चुकले मी. दे पाय."

मनवानं क्षणभर आईकडे पाहिलं आणि पाय पुढे केला. ते बघून बाकीचेही तयार झाले. एक काका तेवढे अडून बसले. "हे काढलं तर मेलोच की मी!" मनवानं त्यांचा पाय धरला आणि शलाकानं चावी फिरवली.

आता सगळी कडी तिच्या हातातल्या पिशवीत होती, चालूच होती. शार्क तिच्याकडे वळले. हेच तर तिला हवं होतं. ती पिशवी घेऊन खोल पाण्याकडे पोहत सुटली. मनवापासून जितकं लांब जाता येईल तितकं जायचं, एवढंच डोक्यात होतं. एका शार्कची खरखरीत कूस मांडीला घासून गेली, तेव्हा तिनं पिशवी सोडली. पिशवी बुडाली आणि सगळे शार्क पिशवीमागे खाली गेले.

शलाका वर आली, धापा टाकत हसली. प्रवाळांपाशी मनवा हात हलवत होती. जिंकलो बाई, असं तिला वाटलं.

एवढ्यात किनाऱ्याकडून बचावनौका भरधाव आली. बाबलनं घाबरून बोलावली होती. नौका थेट प्रवाळांजवळ थांबली आणि दोन तगडे जवान मनवाच्या बाजूला धपाधप पाण्यात उतरले. शार्क फार आहेत असं कळल्यावर शहाण्या माणसांनी जे करावं तेच त्यांनी केलं होतं. दोघांच्याही दोन्ही पायांत कडी होती.

खाली, घास नसलेल्या पिशवीला कंटाळलेल्या सावल्या नव्या स्पंदांकडे वर वळू लागल्या.

"मेल्यांनो, बाहेर व्हा!" शलाका जिवाच्या आकांतानं ओरडली. वाऱ्यात कुणाला ऐकू जाणार! तिनं चावी दातांत धरली आणि लेकीच्या दिशेनं हात मारायला सुरुवात केली.