गजबजांक

बंजारा तांड्यावरच्या अकरा म्हाताऱ्या माणसांना नेत्रपट बसवून वर्ष झालं होतं, आणि आता सुईत दोरा ओवायला कुणी नातवंडांना हाका मारत नव्हतं. नेत्रपट म्हणजे डोळ्यामागच्या खराब पडद्याच्या जागी बसवलेला कृत्रिम पडदा. तो घडवणारी डॉ. रेवती पवार याच तांड्याची लेक, त्यामुळे तिचं कोण कौतुक! वार्षिक तपासणीला ती आईच्या, गमलीबाईच्या, दारात आली आणि थबकली. आरसे जडवलेली तोरणं गेली होती. भिंती पांढऱ्या फटक होत्या.

"याडी, तोरणं कुठं गेली?"

"काढली. लई गिचमिड वाटाय लागली. समद्यांनीच काढली."

रेवतीला कारण लगेच उमगलं.

नेत्रपटाला सगळंच दृश्य मेंदूकडे धाडता येत नसे. किती बारकावे पुढे जाऊ द्यायचे याची मर्यादा त्यात भरलेली असे. तिला रेवतीने नाव दिलं होतं गजबजांक. त्याहून दाट नक्षी समोर आली की ती थरथरल्यासारखी दिसे. हा अंक तिने शहरातल्या चार हजार लोकांना चित्रं दाखवून काढला आणि अहवालात 'माणसाची नैसर्गिक आवड' असं ठोकून दिलं. डोळ्याला काय नीटनेटकं वाटावं हे लहानपणीचं घर शिकवतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी वसतिगृहाच्या मोकळ्या भिंतींत वाढलेल्या तिला तो अंक पटला, आणि तांड्यावर येऊन मोजायचं तिने टाळलं. तिला आता स्वतःची लाज वाटत होती.

तिने घाईघाईने आईचा अंक दुप्पट केला. "आता बघ. नाही थरथरणार."

गमलीबाईने पेटीतून फेटिया काढला, स्वतः भरलेला लग्नातला घागरा. बराच वेळ तिने तो न्याहाळला.

"थरथरत न्हाई. पण कसला गं भडक! म्या भरला व्हय ह्यो?"

वर्षभरात मेंदूने तो आधीचा अंक आपलासा केला होता. यंत्र मागे फिरवणं सोपं होतं. आवड मागे कशी फिरवायची, ते रेवतीला येत नव्हतं.

"माझं चुकलं, याडी."

"तुझं काय चुकलं? सातवीत असताना तू म्हणाली व्हतीस, असल्या कापडात शाळंत येऊ नको म्हणून. म्या लई रडले व्हते तवा. आता मलाबी तुझ्यावाणी दिसतंय. तुझंच बरोबर व्हतं, बाई."

आणि घागऱ्याचं एक टोक लेकीच्या हातात धरायला देऊन ती आरसे उसवू लागली.