इत्झेलचे चौतीस

कॅलिफोर्नियातल्या स्ट्रॉबेरीच्या मळ्यांलगतच्या त्या शाळेत आता कोणी मुलांना प्रश्नावल्या भरायला देत नसे. समुपदेशक टेबलावर जेवणाच्या डब्याएवढं यंत्र ठेवत आणि दहा मिनिटं गप्पा मारत. यंत्र आवाजावरून दोन आकडे दाखवी: शाळेचा आधार किती वाटतो आणि करिअरची अपेक्षा किती आहे. अपेक्षा पन्नासच्या खाली गेली की विज्ञान शाखेचं दार बंद. मनातलं ओळखणारं यंत्र म्हणून त्याचं कौतुक फार. ज्यांचं मन, त्यांना मात्र कोणी विचारलं नव्हतं.

सोलापूरच्या डॉ. वृंदा कोठावळेचं काम वैधता तपासण्याचं. यंत्र जे मोजल्याचं सांगतं, तेच खरोखर मोजतं का, हे तिनं पाहायचं होतं. इथली बहुतेक मुलं मेक्सिकोतून आलेल्या शेतमजुरांची, आणि यंत्र शिकलं होतं वेगळ्याच मुलांच्या आवाजांवर. उद्या शुक्रवारी यंत्र बनवणाऱ्या कंपनीला मापन वैध असल्याची तिची सही हवी होती.

समोर सोळा वर्षांची इत्झेल रामोस बसली होती. तिच्या वहीच्या शेवटच्या पानांवर पुलांची चित्रं होती, मापांसकट. यंत्रावर आधाराचा आकडा होता एक्क्याण्णव.

"पुढे काय करणार?" वृंदानं विचारलं.

"पूल बांधणार. सी दिओस किएरे."

अपेक्षेचा आकडा घसरून चौतीसवर थांबला.

"देवाची इच्छा असेल तर," शेजारी बसलेल्या समुपदेशक ओचोआंनी अर्थ सांगितला. "आमच्यात उद्याचं काही बोललं की हे जोडतातच. भाजी आणायची असली तरी."

म्हणजे यंत्राला वाटत होतं, पोरीला खात्रीच नाही.

"ते न जोडता म्हणून बघ," वृंदा म्हणाली.

"असं कसं, डॉक्टर? आई म्हणते, ठासून बोललं की होणारं काम मोडतं." तरी तिनं म्हणून पाहिलं. आवाज चाचरला. एकोणतीस.

वृंदाला संताप आला, यंत्राचा आणि स्वतःचाही. बारावीच्या निकालाआधी "मी पहिली येणार" असं ती म्हणाली, तेव्हा आईनं तिला गप्प केलं होतं: "बोलून दाखवू नकोस, नाट लागेल." हे ऐकत वाढलेली बाई आठ महिने आकडे बघत होती आणि तिला काही दिसलं नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा!

दुपारभर तिनं जुनी ध्वनिमुद्रणं ऐकली. पन्नासच्या खाली गेलेल्या एकशे बारा मुलांपैकी सत्त्याण्णव जणांनी तेच शब्द जोडले होते. तिनं अहवाल लिहिला: मापन अवैध आहे, मी सही करणार नाही.

"कंपनी दुसऱ्या कोणाची सही आणेल," ओचोआ म्हणाले.

"आणू दे. सोमवारी माझा अहवाल शिक्षण मंडळापुढे जाईल."

शाळा सुटली होती. इत्झेल दप्तर घेऊन दारात आली.

"डॉक्टर, मग मला विज्ञानाला जागा मिळेल?"

"मिळेल," वृंदा म्हणाली, आणि तिच्याही नकळत पुढचं तोंडातून निघून गेलं, "देवाची इच्छा असेल तर."

टेबलावरचं यंत्र बंद करायचं राहून गेलं होतं. वृंदाच्या आवाजावरून त्याच्यावर अपेक्षेचे एकतीस उमटले. इत्झेलनं ते वाचलं आणि वृंदाकडे पाहिलं. वृंदानं घाईनं बटण दाबलं, पण तिचं तिलाच सांगता येईना. या वेळीही यंत्र चुकलंच होतं का?