‘नंतर काढ’ नावाचा ट्रॅक

अक्षताची आणि विकीची पहिली गाठ पडली ती गोराईच्या फेरीबोटीत, आणि तीही भांडणाने. बोरिवलीची अक्षता इंजिनाचा आवाज टिपायला मोबाईल काठाबाहेर धरून उभी होती.

"ओ मॅडम! जाईल ना मोबाईल खाडीत!" मागून कुणीतरी ओरडलं.

"श्श! रेकॉर्डिंग चालू आहे... घातलात ना घोळ!"

घोळ घालणारा विकी गोराईच्या कोळीवाड्यातला. तोही अक्षतासारखाच घरी लॅपटॉपवर नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत करतो, हे कळेपर्यंत बोट पलीकडे लागली होती. पुढे त्याच इंजिनाच्या धडधडीवर दोघांनी मिळून पहिलं गाणं केलं. त्यातलं ‘ओ मॅडम’ काढून टाक म्हणून विकी मागे लागला, पण अक्षताने ते मुद्दाम ठेवलं. लोकांना नेमकं तेच आवडलं आणि जोडीचं नावही तेच पडलं.

याला तीन वर्षं झाली. येत्या शनिवारी अंधेरीच्या एका क्लबात ‘ओ मॅडम’चा पहिला मोठा कार्यक्रम होता... आणि गुरुवारी सकाळी अक्षता त्याच बोटीत नखं कुरतडत बसली होती.

झालं होतं असं. गाण्याचे शब्द तयार नसले की ती चालीवर तोंडाला येईल ते गाऊन ठेवायची. कधी वाणसामानाची यादी, कधी शेजारच्या काकूंचं गाऱ्हाणं. नव्या गाण्यावर मात्र तिने गायलं होतं, ‘विकी, वेड्या, मला तू आवडतोस रे...’ मग स्वतःच लाजून त्या ट्रॅकला ‘नंतर काढ’ असं नाव दिलं आणि त्याचा आवाज बंद करून ठेवला. मंगळवारी घाईघाईत तिने गाण्याचे सुटे सुटे ट्रॅक, वाद्यांचे आणि आवाजाचे, सगळेच्या सगळे विकीला पाठवले. त्यात हाही गेला. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा!

‘मिळालं,’ एवढंच त्याचं उत्तर आलं. त्यानंतर फोन नाही, मेसेज नाही. जो माणूस नाश्त्याच्या बशीचाही फोटो पाठवायचा, तो दोन दिवस गप्प! गाणं गेलं चुलीत, कार्यक्रमही गेला. पण विकीच तुटला तर... पुढचा विचार तिला करवेना.

बोटीतून उतरून ती विकीच्या घरी पोचली, तेव्हा अंगणात त्याची आई, मथुराबाई, बोंबील वाळत घालत होत्या.

"बरी आलीस गो," त्या म्हणाल्या. "दोन दिस कोंडून घेतलंय वर. जेवाला हाक मारली तरी अंगावर येतो."

अक्षता जिना चढली.

विकीची दाढी वाढलेली, डोळे लाल. तिला बघून तो धडपडत उठला.

"ते... ते चुकून गेलं," ती एका दमात म्हणाली. "काढून टाक. आपण त्यावर बोलायलाच नको. शनिवारी नेहमीसारखं वाजवू, आणि—"

"नाही काढणार."

"विकी, प्लीज यार!"

"तू माझं ‘ओ मॅडम’ काढलंस का?"

त्याने हेडफोन तिच्या कानांवर ठेवले.

आधी इंजिनाची धडधड. मग सगळं थांबलं आणि तिचाच आवाज आला, ‘...मला तू आवडतोस रे’. क्षणभर काहीच नाही. आणि मग विकीचा घोगरा आवाज, ‘मला पण... तू.’ त्याच्यावर मथुराबाईंची खणखणीत हाक, ‘विक्या, जेवाला ये!’ आणि लगेच तुफान ठेका!

अक्षता हसता हसता रडायला लागली. दोन दिवसांनी तिला पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला.

"तीन शब्दांना दोन दिवस लागतात रे?"

"एक्केचाळीस वेळा रेकॉर्ड केलं!" विकी कळवळला. "कधी माझा आवाज फाटायचा, कधी कोंबडा आरवायचा. हे त्यातल्या त्यात बरं. फक्त आईची हाक तेवढी काढतो..."

"हात तर लावून बघ त्या हाकेला!"

खाली मथुराबाईंनी दोघांना समोरासमोर बसवून भात वाढला. विकी तीनदा भात मागून जेवला.

संध्याकाळी तो तिला सोडायला बोटीने निघाला. अक्षताने मोबाईल पुन्हा काठाबाहेर धरला. या वेळी विकी ओरडला नाही. त्याने तिचं मनगट धरलं... आणि बोट बोरिवलीला लागली, तरी सोडलं नाही.