बाभळीच्या अलीकडे

लोणारच्या एस.टी. स्टँडसमोर गुलाबरावचा फोटो स्टुडिओ होता. महाराष्ट्र राज्य होऊन सात-आठ वर्षं झालेली; गावात वीज आली होती, तिच्या पाठोपाठ गुलाबरावनं फोटो मोठा करायचा एन्लार्जरही आणला होता. पण लोक फोटो मोठा करून घ्यायला बिचकत. बाजारातल्या एका फोटोवाल्यानं कुणाच्या सासऱ्याचं तोंड भोपळ्यासारखं पसरवलं होतं, कुणाच्या आईचं घोड्यासारखं लांबवलं होतं.

"चेहरा ताणल्या जात नसते," गुलाबराव समजावून सांगे. "लांबी जेवढ्या पट, रुंदीबी तेवढ्याच पट. माणूस तिप्पट झाला तं मागचं झाडबी तिप्पट."

लोकांना पटावं म्हणून त्यानं बायकोचाच, जनकाचा, मोठा फोटो दुकानाच्या काचेत लावायचं ठरवलं. सरोवराच्या काठावर तिला उभं करून फोटो काढला होता. मागे पांढरट खारा किनारा, एक वाकडी बाभूळ आणि हिरवं, स्थिर पाणी.

आधी त्यानं पोस्टकार्डाएवढा फोटो छापला. त्यात पार मागे, पाण्याला लागून, एक बाई उभी होती.

"हे कोण व्हय?" त्यानं जनकाला विचारलं.

जनकानं फोटो उजेडात धरला. "कोणीच नव्हतं तिथं. तुमीच तं म्हणले, बरं झालं, गर्दी नाही."

गुलाबराव हसला. एखादी गुराखीण आली असेल मागून. दुपारची जेवणं उरकल्यावर तो डार्करूममध्ये शिरला. ही पूर्वी घरातली धान्याची खोली होती. तिच्या पलीकडे लगेच स्वयंपाकघर. लाल दिव्याखाली त्यानं मोठा कागद ट्रेमध्ये बुडवला. जनका उमटली, बाभूळ उमटली. मग ती बाई.

त्यानं पट्टी लावून आधीच्या फोटोशी ताडून पाहिलं. जनका तिप्पट झाली होती, बाभूळही तिप्पट. बाई मात्र सहापट.

एन्लार्जरखालची फळी तिरपी असेल म्हणून त्यानं पाणसाळ ठेवून पाहिली. बुडबुडा बरोबर मधोमध होता. त्यानं पुन्हा वाकून बाईचं तोंड पाहिलं. ते ताणलेलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. ते अगदी प्रमाणात होतं. फक्त तिचे पाय आता पाण्याजवळ नव्हते. ती बाभळीच्या अलीकडे आली होती.

त्यानं निगेटिव्हवर भिंग धरलं. त्यात ती होती तिथंच होती, पाण्याला लागून, मुंगीएवढी.

"अहो," दाराबाहेरून जनकाचा आवाज आला. "मायी पाठ ओली झाल्यावानी वाटून राह्यली. गार लागते."

"चुलीजवळ बस."

"चुलीजवळच हावो मी."

डोळ्यांचा भास असेल तर खात्री करून घ्यावी म्हणून गुलाबरावनं हाती होता तो सगळ्यांत मोठा कागद लावला. ट्रे हलवताना त्याला खोलीत खाऱ्या चिखलाचा वास आला. सरोवराच्या काठाशी येतो, तोच.

या फोटोत बाई जनकाच्या मागे होती. हनुवटी तिच्या डोक्याला टेकलेली. एक हात तिच्या खांद्यावर.

"जनका?"

"हाव."

"मागं कोणी हाये का?"

"वळून पाहू नको म्हणते."

"कोण म्हणते?"

गुलाबराव एन्लार्जरकडे वळला.

त्याच्या मनात एकच विचार आला. मोठं केल्यानं ती जवळ येत असेल, तर लहान केल्यानं लांब जाईल. त्यानं एन्लार्जरचं डोकं खाली, अगदी खाली ओढलं. नखाएवढं चित्र फळीवर पडलं. त्यानं कागदाचा तुकडा धरला, मनातल्या मनात सरोवराकाठच्या कमळजा देवीचं नाव घेतलं आणि तुकडा पाण्यासारख्या दिसणाऱ्या औषधात सोडला.

बाभूळ उमटली, काडीएवढी.

जनका उमटली, ज्वारीच्या दाण्याएवढी.

बाई लहान झाली नव्हती. ती मघाएवढीच होती. तुकड्यात मावेना, नुसता तिचा गाल आणि एक डोळा उमटत गेला. बाभूळ झाकली गेली. मग जनका.

त्यानं तुकडा टाकला, दार ढकललं आणि स्वयंपाकघरात धावला.

बाहेर दुपारचं लख्ख ऊन होतं. जनका भिंतीला टेकून, पाय पसरून बसली होती. तिला काही झालेलं दिसत नव्हतं.

"जनका! ऊठ, चाल इथून!"

तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला नं," ती कुजबुजली. "आत्ताच डोळा लागला तिचा."

तिचा दुसरा हात मांडीच्या वर, हवेतच, हळूहळू फिरत होता, केसांवरून फिरवावा तसा. आणि त्या हाताखाली तिचं लुगडं मांडीत खोल दबलेलं होतं.